चार खिडक्यांचं माप

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
निर्णय झाला. पुढच्या खोलीच्या चारही खिडक्या बदलायच्या.

पार्श्वभूमी (नोंद म्हणून): घर एकशे दहा वर्षांचं. खिडक्याही तेवढ्याच. लाकडी, वरखाली सरकणाऱ्या. सध्या वरही सरकत नाहीत आणि खालीही नाहीत. वारा मात्र आरपार सरकतो. आज पेपर वाचताना पान आपोआप उलटलं, तेही मी अग्रलेखाच्या मध्यावर असताना.

हिचं म्हणणं, सुतार बोलवा, पहिल्या खिडकीचं खालचं लाकूड कुजलंय तेवढं तो बघून घेईल. १५ डिसेंबरला लेक येणार आहे, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. जावई तीन महिने कामासाठी बाहेर. मायलेकी पुढच्या खोलीत राहणार, कारण उजेडाची खोली तीच एक. तोवर वारा थांबला म्हणजे झालं, असं हिचं मत.

मी समजावून सांगितलं की मी मलमपट्टी करणाऱ्यातला नाही. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. काम करायचं तर मुळापासून. ही म्हणाली, मुळापासून नको, नुसतं खालून करा. मुद्दा पोचलेला दिसत नाही.

संकल्प: १ डिसेंबरच्या आत चारही खिडक्या प्लॅस्टिकच्या, दुहेरी काचांच्या. डायरी रोज लिहिणे.

४ नोव्हेंबर
(काल डायरी राहिली. मोजमापाच्या मानसिक तयारीत होतो.)

मोजमाप पूर्ण. डावीकडून दुसरी खिडकी घेतली, कारण पहिलीपुढे कपाट, तिसरीपुढे आरामखुर्ची आणि चौथीपुढे हिच्या कुंड्या. रुंदी ९२.४, उंची १५८.१ सेंटीमीटर. एक दशांशापर्यंत. उरलेल्या तीन नजरेने तपासल्या. सारख्याच. एकाच वेळी, एकाच हाताने केलेल्या असणार. गुणिले चार.

हिने विचारलं, चारही मोजल्या का. म्हटलं, एक किलोचं एक वजन तपासलं की दुसरं एक किलोचं वजनही किलोभरच असतं. ही म्हणाली, मग तुमचं खातं कशाला होतं.

उत्तर देण्यासारखं पुष्कळ होतं. पण मापांचा कागद आधी स्वच्छ उतरवायचा होता.

८ नोव्हेंबर
खिडकीवाला येऊन गेला. चुणचुणीत माणूस. हातात कॅटलॉग, तोंडात सारखं साहेब. मी मापांचा कागद दिला तेव्हा म्हणाला, अशी दशांशातली मापं देणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहतोय. स्वतः मोजायला टेप काढत होता, मी थांबवलं. माणसाने माणसावर विश्वास ठेवावा.

जाता जाता त्याने विचारलं की हा संरक्षित विभाग आहे ना, परवानगी काढलीय का. म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरची वारसा कार्यालयाची पाटी वाचली. गेली बावीस वर्षं तिच्यापाशी वळतो, वाचली आज. ‘या विभागातील इमारतींच्या बाह्य स्वरूपात परवानगीशिवाय बदल करू नये.’ शांतपणे विचार केला. खिडकी निम्मी आत असते. आतली बाजू बाह्य कशी म्हणता येईल? म्हणजे नियम फार तर अर्ध्या खिडकीला लागू. आणि अर्ध्या खिडकीची परवानगी देण्याची सोय त्यांच्या फॉर्मात नाही. (फॉर्म पाहिला. अकरा पानी आहे. तीन पानं वाचली.)

हिने विचारलं, बोललात का त्या ऑफिसात. म्हटलं, बोलणं झालंय. कुणाशी ते तिने विचारलं नाही. मीही तपशिलात शिरलो नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी १०
खिडक्या आल्या. चार. पांढऱ्याशुभ्र. पॅसेजमध्ये उभ्या केल्यात. स्वयंपाकघरात जाताना आता अंग चोरून जावं लागतं, पण चारच दिवसांचा प्रश्न आहे.

बसवायला त्यांची माणसं चार दिवसांनी येणार. मी मात्र आजच सुरुवात करतोय. जुनी खिडकी काढून ठेवली की त्यांचा वेळ वाचेल. पहिलीपासून सुरुवात.

दुपारी ३
पहिली निघाली. वाटलं त्यापेक्षा सोपं काम. एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळी असते आणि तिच्यात दोरीला बांधून लोखंडी वजनं लटकवलेली असतात, झडप वर राहावी म्हणून. मी दोरी कापली. वजन खाली आलं. माझा पाय तिथेच होता. अंदाजे तीन किलो सहाशे ग्रॅम.

ही बर्फ घेऊन आली. म्हणाली, आता तरी सुतार बोलवा. मी म्हटलं, संपलंच आहे.

संध्याकाळी
समोरचे मास्तर आले होते. निवृत्त भूगोल शिक्षक. गळ्यात कायम दुर्बीण. पक्षी बघतात असं सांगतात, पण पक्षी काय आमच्याच घरावर बसतात? काढलेली खिडकी फाटकाशी ठेवली होती. म्हणाले, टाकणार असाल तर मला द्या, थंडीत मिरचीच्या रोपांवर झाकण होईल. देऊन टाकली. विल्हेवाटीचा प्रश्न मिटला. अशा वेळी मन मोठं ठेवावं.

२३ नोव्हेंबर
नवी खिडकी पहिल्या जागी लावून पाहिली. बसत नाही.

पुन्हा पाहिली. तरी नाही.

टेप घेतला. पहिली जागा वरच्या बाजूला ८८.९, खालच्या बाजूला ९०.२. मग चारही मोजल्या. चार खिडक्या, चार मापं. शिवाय एकही सरळ नाही. एकशे दहा वर्षांत घर एका अंगाला बसलंय, आणि खिडक्या त्याच्याबरोबर तिरक्या होत गेल्यात.

दुसऱ्या खिडकीचं माप मात्र बरोबर निघालं. म्हणजे माझं माप चुकलेलं नाही. घर चुकलंय.

खिडकीवाल्याला फोन केला. म्हणाला, मापं तुम्ही दिलीत साहेब, मापाबरहुकूम केलेला माल परत घेत नाही. साहेब म्हणण्यात ती आधीची गोडी नव्हती.

पहिल्या जागी प्लायवूड ठोकलं. वरून चादर. चिकटपट्टी. तात्पुरतं. हिने दुपारी दोन वाजता पुढच्या खोलीतला दिवा लावला आणि तांदूळ निवडायला बसली.

२५ नोव्हेंबर
मास्तर आज तीनदा फाटकाशी उभे दिसले. दुर्बीण आमच्या प्लायवूडकडे. प्लायवूडवर कोणता पक्षी?

माझा अंदाज: हा मनुष्य वारसा कार्यालयात तक्रार करणार. बाह्य स्वरूप वगैरे. तो करण्याआधी आपण हालचाल केली पाहिजे. ऑफिसचं लक्ष एकदा त्यांच्या घराकडे वळलं की इकडे बघायला कुणाला वेळ उरणार नाही.

निनावी पत्र लिहिलं. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. ‘सदर इसमाने घरासमोरील मोकळ्या जागेत काचेचे अनधिकृत बांधकाम केले असून त्यामुळे विभागाच्या ऐतिहासिक स्वरूपास बाधा येत आहे.’ आकार दिल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही, म्हणून मास्तर फिरायला गेले असता जाऊन मोजून आलो. १५७.६ बाय ८८.३. सही: एक जागरूक नागरिक.

पोस्टात टाकलं. भूक चांगली लागली.

२९ नोव्हेंबर
वारसा कार्यालयातून माणूस आला. तरुण. सायकलवरून. डोक्यावरचं हेल्मेट शेवटपर्यंत काढलं नाही. मी पडद्याआडून पाहत होतो. सरळ मास्तरांच्या अंगणात गेला, मिरच्यांपाशी वाकला. मी हिला बोलावून दाखवलं की बघ, कायदा कसा आपलं काम करतो.

मग तो गुडघ्यावर बसला. काचेवरून हात फिरवला. लाकूड खालून वर पाहिलं. मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांनी हात वर केला आणि बोट आमच्या घराकडे केलं.

त्यानंतरचं थोडक्यात. हेल्मेट आमच्याकडे आला. फार सभ्य मुलगा. मला सर म्हणाला. म्हणाला, सर, ती रोपांवरची खिडकी या गल्लीतली मूळ खिडकी आहे, काचसुद्धा जुनीच आहे, तशी काच आता होत नाही, ती त्या जागी कशी गेली? मी म्हटलं, शेजारधर्म. त्याने प्लायवूड पाहिलं. पॅसेजमधल्या चार पांढऱ्या खिडक्या पाहिल्या. त्याला अंग चोरूनच पाहावं लागलं. खिडकी निम्मी आत असते हा मुद्दा मी मांडला. त्याने वहीत लिहून घेतला. बहुतेक नवीन असावा.

नोटीस दिली. मूळ खिडकी मूळ जागी, तीन आठवड्यांत. दुरुस्तीचा अर्ज वेगळा. खाली घरमालकाची सही.

तो गेल्यावर मास्तर आले. शांतपणे म्हणाले, पत्र दाखवलं मला त्या पोराने. अक्षर कुणाचं ते कळत नाही, पण रोपांवरचं झाकण एक दशांशापर्यंत मोजणारा माणूस या गल्लीत एकच आहे. ही मागे उभी होती. ती आत निघून गेली.

रात्रीचं जेवण मी स्वतःच वाढून घेतलं.

१ डिसेंबर
सहीचा प्रश्न तांत्रिक आहे, पण आहे. घर हिच्या नावावर आहे. हिच्या मावशीने हिला दिलं. बावीस वर्षांत माझ्या हे लक्षातून गेलं होतं, असं नाही. पण रोजच्या रोज लक्षात ठेवण्यासारखंही ते नव्हतं.

फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेलो. हिने कपाटातून दुसरा फॉर्म काढला. अकराही पानं भरलेली. ऑक्टोबरमध्येच आणून ठेवला होता म्हणे, सुताराच्या दुरुस्तीसाठी. दुरुस्तीला त्या ऑफिसात जास्त काही विचारतही नाहीत.

सही करते म्हणाली, पण एका अटीवर. मी हातोडी, करवत, ब्रश, यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. तत्त्वतः मान्य केलं.

मग म्हणाली की सकाळी लेकीला फोन केला, इतक्यात येऊ नकोस म्हणून सांगितलं. बाळाला असल्या खोलीत कसं ठेवायचं. लेक सासूकडे जाईल म्हणाली.

संध्याकाळी ही पुढच्या खोलीत प्लायवूडसमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसली होती. दिवा लावला नव्हता. बहुतेक खोलीच्या प्रकाशव्यवस्थेचा विचार करत असावी.

आरामखुर्ची माझी आहे, पण आज मी तिथे गेलो नाही.

३ डिसेंबर
खिडकी परत आणण्यासाठी मास्तरांकडे गेलो. शिष्टाई यशस्वी.

मास्तरांचं म्हणणं, ऐन थंडीत झाकण काढलं तर रोपं मरतील. मी तिथल्या तिथे तोडगा काढला. जुन्या खिडकीच्या बदल्यात नवी खिडकी. त्यांनी दोन मागितल्या, कारण टोमॅटोही आहेत. दिल्या. आता त्यांच्या मिरच्या दुहेरी काचांखाली आहेत आणि आम्ही प्लायवूडमागे. पण पॅसेजमधून निदान सरळ चालता येतं.

पत्राबद्दलही एकदा बोलून टाकावं म्हणून म्हटलं, झालं ते झालं. मास्तर म्हणाले, मला काही नको, तक्रार रोपांविरुद्ध झाली होती, त्यांनाच सांगा. गमतीत म्हणत असावेत असं वाटून थांबलो. ते खुरपं घेऊन उभेच राहिले. शेवटी वाकून काहीतरी पुटपुटलो. लांबून पाहणाऱ्याला मी रोपांची पाहणी करतोय असंच वाटलं असेल.

हिने खिडकीतून पाहिलं. चौथ्या. आज हसल्यासारखी दिसली, पण काच जुनी, लाटालाटांची, नक्की सांगता येत नाही.

५ डिसेंबर
सुतारबाई आल्या. हिने शोधून काढल्या. चाळिशीच्या. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. हिला ताई म्हणतात आणि मला काका. मान मला जास्त आहे.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात जागोजागी खुपसून पाहिलं. निदान: पहिल्या खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीत वीतभर लाकूड कुजलंय. तेवढं कापून नवा तुकडा सांधायचा. बाकी लाकूड अजून शंभर वर्षं बघायला नको. म्हणाल्या, काका, असं लाकूड आता पैसे देऊनही मिळत नाही, कुणी काढायला लावली होती खिडकी? मी म्हटलं, परिस्थितीने.

मग दुसऱ्या खिडकीवरून बोट फिरवत म्हणाल्या, हिची लांबी गेलीय. मी ताबडतोब आक्षेप घेतला. म्हटलं, लांबी कुठेही गेलेली नाही, एकशे अठ्ठावन्न पॉइंट एक, स्वतः मोजलीय. ही म्हणाली, अहो, काचेच्या कडेने भरतात ती लांबी. पुट्टी. वाळून गळून गेलीय, म्हणून वारा येतो.

शब्द संदिग्ध आहे. खात्यात असतो तर परिपत्रक काढलं असतं.

चारही खिडक्यांचं काम दहा-बारा दिवसांत होईल, हाताखाली कुणी असेल तर, असं त्या म्हणाल्या. मी बाह्या सरसावल्या. ही म्हणाली, मी आहे.

८ डिसेंबर
काम जोरात. जुनी लांबी खरवडण्याचं काम ही करते. सुतारबाई म्हणाल्या, ताई, तुमचा हात हलका आहे, काचेला कळतही नाही. मला वाटतं, चौतीस वर्षांच्या सहवासात माझ्यातली अचूकता हिच्यात थोडी उतरली असणार.

माझ्याकडे एकंदर देखरेख. शिवाय खाली रद्दी अंथरणं. हे दिसतं तितकं सोपं नाही. कडा एकमेकींवर चार सेंटीमीटर याव्या लागतात.

वजनांच्या दोऱ्या बदलल्या. दुसरी खिडकी आज बोटाने वर गेली. एका बोटाने. ही ती वर करत होती, खाली करत होती. सातआठ वेळा केली. मी म्हटलं, दोरी झिजेल. मग सुतारबाईंना चहा द्यायला गेली.

१० डिसेंबर, सकाळी ११
सुतारबाई आणि ही, दोघी लाकूड आणायला गेल्यात. दुसरी आणि तिसरी खिडकी तयार. फक्त रंग बाकी. डबा उघडाच आहे. ब्रश ओला आहे. वाळला तर वाया जाईल.

अट हातोडी, करवत, ब्रश अशी होती. पण अट दुरुस्तीपुरती. रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे, सजावट.

दुपारी १
दोन्ही रंगवल्या. जाड हात दिला. फटीसुद्धा बुजवून टाकल्या. वाऱ्याचं नाव नको. दोघी थक्क होतील.

११ डिसेंबर
रंग वाळला. खिडक्या उघडत नाहीत. सरकणारा भाग आणि चौकट, दोन्ही रंगाने एक झालेत.

सुतारबाई पातळ पातं घेऊन कडेने रंग कापायला बसल्या. दुसरी खिडकी सुटली. तिसरी सुटेना. मी मदत म्हणून खालून जोर दिला. सांगितलं नव्हतं कुणी. वरची काच तडकली. मधून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

जुनी काच होती. मूळची.

ही म्हणाली, त्या काचेतून मावशी मी शाळेतून येताना मला बघायची. मी कोपऱ्यावरून वळले की काचेतल्या लाटेमुळे दोनदा दिसायचे म्हणे, एकदा दोन वेण्यांची आणि एकदा चार. हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत कधी विचारलं नाही, हेही खरं.

मग म्हणाली, तुम्हाला कुणाला त्याचं काम करू देता येतं का? आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आज लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

१४ डिसेंबर
तीन दिवस काचेच्या शोधात. तशी काच नवीन मिळत नाही. चार दुकानांत हसले. एकाने बाथरूमची नक्षीदार काच दाखवली.

शेवटी मास्तरांनी सांगितलं (मी विचारलं नव्हतं; म्हणजे, विचारलं होतं) की स्टेशनमागे जुन्या दारंखिडक्या विकणारा एक म्हातारा आहे. पोटमाळ्यावर काचांच्या रांगा लावल्यात, पुस्तकांसारख्या.

निघताना टेप घेतला. सुतारबाईंनी टेप काढून घेतला आणि एक लाकडी पट्टी दिली. म्हणाल्या, काका, आकडे विसरा. पट्टी जागेवर धरा, पेन्सिलने खूण करा, वरची वेगळी, खालची वेगळी, आणि त्या खुणांवर काच घ्या. एकतीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला हे सांगायचं. पण ही घरात होती, म्हणून वाद घातला नाही.

म्हाताऱ्याकडे अडीच तास काचा उपसल्या. एकेक उजेडात धरून पाहिली. पुष्कळ सपाट. एक सापडली. तिच्यातून समोरचा दिव्याचा खांब पाहिला तर मधेच वाकलेला दिसला. डोकं हलवलं तर खांब हलला. ती घेतली. पट्टी लावून कापून घेतली.

घरी येईपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बसमध्ये एकाने जागा दिली. बसलो नाही.

सुतारबाईंनी लावली. ही म्हणाली, बसली.

एवढंच म्हणाली. पण मी ऐकलं.

१९ डिसेंबर
हेल्मेट तपासणीला आला. चारही खिडक्या वरखाली केल्या. पहिलीचा सांधा बोटाने शोधला, त्याला सापडेना. खूश. त्यांच्या ऑफिसच्या फलकावर लावायला फोटो काढायचा म्हणाला, असं काम लोकांनी बघायला पाहिजे. मी भांग पाडून आलो. तो म्हणाला, सर, तुम्ही तो पडदा जरा बाजूला धराल का, खिडकी झाकली जातेय. धरला. फोटोत सुतारबाई, ही, आणि उजव्या कडेला एक हात. हात स्पष्ट आलाय.

कामाची माहिती लिहिताना त्याने विचारलं, मार्गदर्शन कुणाचं? मी घसा साफ केला. ही म्हणाली, सुतारबाईंचं.

संध्याकाळी मेणबत्ती लावून चारही खिडक्यांपाशी फिरवली. ज्योत हलली नाही. हिने लेकीला फोन केला. बाळाला घेऊन ये म्हणाली. फोन ठेवल्यावर थोडा वेळ पाठमोरी उभी राहिली. मी मेणबत्ती विझवली. उगाच जळत होती.

२२ डिसेंबर
मायलेकी आल्या. नात आजीवर गेलीय. मला पाहून तोंड वाकडं केलं, पण मोजकंच.

तिसऱ्या खिडकीखाली पाळणा. ऊन काचेतून आत येतं आणि चादरीवर हलतं, पाण्यासारखं. नात त्याच्याकडे एकटक बघत राहते. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही काच शोधून आणलीत म्हणे. मी सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगितली. काही भाग वगळून.

२४ डिसेंबर, सकाळी ६.४०
नवीन निर्णय. एवढा अनुभव वाया जाऊ देणं गुन्हा ठरेल. या विभागात अशी घरं किती, खिडक्या किती, आणि माहितगार माणूस किती? परवानग्या, मापं, जुन्या काचांची पारख, शेजाऱ्यांशी वाटाघाटी, सगळं एका जागी. सल्लागार व्हायचं.

कार्डं छापायला दिली. ‘जुन्या लाकडी खिडक्यांविषयी तज्ज्ञ सल्ला. मोजमाप अचूक.’ शंभर पुरतील असं दुकानदार म्हणाला. पाचशे सांगितली.

हिला इतक्यात सांगत नाही. नात झोपलीय.

२८ डिसेंबर
कार्डं आली. अक्षर ठसठशीत. दहा खिशात ठेवली.

आणि लगेच, दुपारी चारला, बेल. दारात मास्तर आणि त्यांच्यामागे कोपऱ्यावरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई. मास्तर म्हणाले, आमच्याही खिडक्यांचं काम काढायचं म्हणतोय, यांच्याही. सहा आणि आठ, एकूण चौदा. मी त्यांना बसवलं. हात खिशाकडे नेला. तेवढ्यात मास्तर म्हणाले, बाईसाहेब आहेत का घरात?

असं समजलं की सुतारबाईंनीच हिचं नाव सुचवलंय. एवढं काम त्यांच्या एकटीच्या हातून होणार नाही, आणि ताईंइतका हलका हात दुसरा पाहिलेला नाही. हे दोघींमध्ये आधीच ठरलंय. कधी, ते मला ठाऊक नाही. सोमवारपासून सुरुवात.

ही हात पुसत बाहेर आली. मास्तरांशी तावदानं, लांबी, दोऱ्या असलं काय काय बोलली. मी मधे एकदा मोजमापाचा विषय काढला. तिघंही थांबून माझ्याकडे बघायला लागली. मग पुढे बोलू लागली.

रात्री जेवताना मी म्हटलं, पाच जणांच्या घरात एक माणूस बाहेर कामाला गेला तर... पुढचं वाक्य सुचलं नाही. लेक म्हणाली, बाबा, आपण चारच आहोत, बाळ धरून. ही म्हणाली, तुम्हीही चला सोमवारी. शिडी धरायला कुणीतरी लागतंच. पण धरायची फक्त. बोलायचं नाही.

विचार करून सांगतो म्हटलं.

३१ डिसेंबर, सकाळी ९.१५
मास्तरांच्या घरी. ही शिडीवर, पाचव्या पायरीवर. काखेत खरवडणी, कानावर पेन्सिल. पेन्सिल कधीपासून ठेवायला लागली कोण जाणे. चांगली दिसते. तसं म्हणणार होतो, पण बोलायचं नव्हतं.

(हे नंतर लिहितोय. तेव्हा लिहिता आलं नसतं.)

अकराच्या सुमारास गल्लीतून दोन अनोळखी माणसं आली. वर बघत उभी राहिली. जुनी घरं घेणारी दिसत होती, अंगावर चांगले कोट. त्यांतला एक मला म्हणाला, या खिडक्यांचं काम कोण बघतं? मी हनुवटीने वर खूण केली. त्यांनी हिला हाक मारली, हिने वरूनच वेळ दिली, बुधवार सकाळची. जाताना दुसऱ्याने विचारलं, आणि हे कोण? ही म्हणाली, आमचेच आहेत.

कार्डं वरच्या खिशात होती. पण शिडी दोन्ही हातांनी धरावी लागते.